चाळीस नावांची फर्माइश

‘माझं आवडतं गाणं यंदा पहिलं आणीन, नाहीतर श्रोता संघाचं अध्यक्षपद सोडीन,’ असे मकबूलभाई चारचौघांत बोलून बसले होते. रेडिओवर गाण्यांचे क्रमांक पत्रांवरून ठरत. म्हणून त्यांनी चाळीस खोटी नावे रचली. त्यांची बायको नसीमबानू दर आठवड्याला त्या नावांनी, वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत पोस्टकार्डे लिही आणि मंडईला जाताना पेटीत टाकी. तरी गाणे वर सरकेना. त्यांना आधी पोस्टमनचा संशय आला, मग निवेदकाचा.

“आपली पत्रं कुणीतरी गिळतंय.”

“असतात हो लोक तसे,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

वर्षअखेरीला भलतेच गाणे पहिले आले. निवेदक ते मागणाऱ्या पुणेकरांची नावे वाचू लागला.

 

एकूण एक नाव मकबूलभाईंनीच रचलेले होते, आणि नसीमबानू तेच गाणे गुणगुणत कणीक मळत होती.