डोंगरातली माणसं

ताई व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. गेममधल्या काल्पनिक राज्यांतली माणसं कशी राहतात, कशी भांडतात, कशी रुसतात, हे ठरवणं तिचं काम. डोंगरातल्या लोकांपाशी मात्र तिचं घोडं अडलं. "घरं झकास झालीत," साहेब म्हणाले, "पण आत कोणी राहतंय असं वाटत नाही." त्या दिवशी ती बराच वेळ नुसती बसून राहिली आणि मग एका बैठकीत सगळं लिहून मोकळी झाली.

गेम बाजारात आला आणि परगावच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, त्या डोंगरातल्या घरी एक म्हातारा सगळ्यांच्या चपला-बूट ओळीनं लावतो. टोकं रस्त्याकडे करून."

"हो. सकाळी निघणाऱ्याचा खोळंबा नको म्हणून."

"आणि लावताना पुटपुटतो, 'काडीची शिस्त नाही पोरांना!'"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"गेममधली तुझी लढाई कुठवर आली?" तिनं विषय बदलला.

"कुठली लढाई! मी त्याच घरात आहे अजून. बाहेर जातो, परत येतो आणि बूट मुद्दाम दारात भिरकावतो."