कागदातलं वाक्य

"लेकाच्या नावावर घर करून दिलं, आन् मंग लेकानं इचारलंच न्हाई, तर घर माघारी मिळतं का?"

शालनबाईंनी एका दमात विचारून टाकलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. रहाटणीतल्या तालमीचा वरचा मजला. दर रविवारी कोर्टातून निवृत्त झालेल्या कुसुमताई इथं टेबल टाकून बसत आणि येईल त्याला फुकट सल्ला देत. खालून जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार ऐकू येत होते.

कुसुमताईंनी समोर पाहिलं. पांढरे केस, भेगाळलेल्या टाचा, जिन्यानं लागलेली धाप. अशा बायका त्यांना दर रविवारी दिसायच्या आणि दर रविवारी त्यांचं डोकं फिरायचं.

"कुठून आलात, मावशी?"

"चाकनकडनं. तिकडं कुनाला इचारावं, तर सांच्याला गावभर होतंय."

"घर मोठं आहे?"

"तीन मजली हाय. खाली आमी ऱ्हातो, वर कंपनीतल्या पोरांना खोल्या दिल्यात. जमीन कवाच गेली. आता काय हाय ते घरच."

"मुलगा एकुलता?"

"एकलाच."

"आणि सून?"

शालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सून काय, जशी असायची तशी हाय."

"समजलं," कुसुमताई म्हणाल्या. जास्त खोदून विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

त्या घरासाठी शालनबाईंनी हाडाची काडं केली होती. स्लॅब टाकला तेव्हा डोक्यावरनं पाणी वाहिलं होतं, पोरांच्या खोल्या झाडून त्यांची कंबर गेली होती. ते घर आता हातचं जाईल, या नुसत्या विचारानं त्यांना घास गिळवत नव्हता. मागच्या आळीतल्या दत्तोबानं लेकाला दिलेलं घर भांडून परत मिळवलं, लेकाला बायकापोरांसकट बाहेर काढलं, असं कानावर आलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"मिळतं की परत," कुसुमताई म्हणाल्या. "कायदाच आहे तसा. म्हाताऱ्या आईबापाला सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द होतं. प्रांतसाहेबांकडे साधा अर्ज करायचा. वकीलसुद्धा लागत नाही."

"एवढं सोपं हाय?"

"सोपं कुठलं, मावशी! मेख पुढंच आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलंय, असं त्या कागदात लिहिलेलं लागतं. एवढं एक वाक्य. पण ते कुणी सांगत नाही. सरकारनं कायदा केला, हारतुरे झाले आणि सगळे घरी गेले. सही घेणारे सांगत नाहीत. वकील मुलानंच आणलेला, तो कशाला सांगतोय? मागच्या महिन्यात विजयश्री म्हणून एक बाई आल्या होत्या. मुलानं देवळाच्या ओवरीत आणून सोडलेलं. कागद पाहिला तर वाक्य नाही. मी काय करणार? चहा पाजला."

"म्हंजी वाक्य नसंल तर घर माघारी जात न्हाई?"

"कोर्टकचेऱ्या करत बसायचं. या वयात कुणाला जमतंय ते? गेलंच म्हणायचं घर."

शालनबाईंनी मोठा श्वास सोडला. कुसुमताईंनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले.

"सही कधी आहे?"

"उद्याच्याला. राजगुरुनगरला."

"देवासारख्या वेळेवर आलात बघा. वाचता येतं?"

"न्हाई जी."

"मग पाठ करा. म्हणा माझ्यामागं. मुलाने आईला मरेपर्यंत सांभाळावे, न सांभाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे."

शालनबाई अडखळल्या. पुन्हा अडखळल्या. मग शाळेतल्या पोरीसारखं त्यांनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. कुसुमताईंना भरून आलं.

"शाबास. उद्या कागद वाचतील तेव्हा कान देऊन ऐकायचं. हे वाक्य आहे की नाही, तेवढंच बघायचं. बाकी काही नाही कळलं तरी चालेल."

"बरुबर ऐकीन. तुमाला काय द्यायचं, ताई?"

"काही नाही. तुमचं घर राहिलं की मला सगळं पावलं."

"ऱ्हाईल," शालनबाई म्हणाल्या. "आता ऱ्हाईल." आणि नको नको म्हणत असताना त्या कुसुमताईंच्या पाया पडल्या.

जिना उतरताना त्यांना धाप लागली नाही. कितीतरी दिवसांनी पोटात भूक जाणवत होती. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर त्यांनी वडापाव बांधून घेतले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. नवरा, रोहिदास, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. शालनबाई त्याच्या शेजारी बसल्या, त्याच्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली आणि एक वडापाव मागं दिला. मागच्या सीटवर त्यांची सासू, चिमाबाई, दुखरे गुडघे चोळत बसली होती. जिना चढवत नाही म्हणून तिनंच सुनेला वर धाडलं होतं.

"शालन, इचारलंस का गं बाय?" म्हातारीनं वडापाव घेतला. "उद्या घर रोहिदासच्या नावावर करताना मला सांभाळायचं कागदात लिवून घ्यावं लागतं का?"

"इचारलं, आत्याबाई. लेकाला देताना तसलं काय बी लिवायला लागत न्हाई, म्हनल्या."