प्रतिभाच्या नावाचा जंत

विभागप्रमुखांनी त्या जंताला एकदाही हात लावला नव्हता. बरणीचं झाकण उघडलं की नाकाला रुमाल लावून ते व्हरांड्यात निघून जायचे. आणि आज तेच सर त्याच्यावर भाषण ठोकत होते.

नाशिकमधल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. मे महिना. पंखे गरम वारा फेकत होते. द्वारका सर्कलवरच्या दुकानातून आणलेले पेढे खोक्यातच पाझरायला लागले होते. सरांनी त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या, सुरगाण्याच्या प्रतिभाच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइक धरला.

"अरबी समुद्रात अडीच हजार मीटर खोल सापडलेला हा रिबन वर्म, म्हणजे फितीसारखा जंत. जगाला माहीत नसलेली जात! तिला आम्ही नाव दिलंय आपल्या प्रतिभाचं. दोन वर्षं हिने विभागाची सेवा केली, त्याचा हा मान."

सेवा म्हणे.

टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. प्रयोगशाळेतला जुना शिपाई सावळीराम पेढ्यांचं ताट घेऊन आला.

"खा ताई. आख्ख्या सुरगाण्यात कोणाच्या नावाचा जंत निघाला नाय आजवर."

"मामा, जंत पोटातला. हा समुद्रातला आहे."

"दोन्हीकडं बिनकामाचाच ना? खा गपचूप."

प्रतिभा हसली. पेढा तोंडात टाकला.

ती सेवा काय होती ते सांगायला हवं. सर्वेक्षणाच्या जहाजावर तिने बावीस दिवस उलट्या काढल्या होत्या. समुद्राच्या तळाचा चिखल वर आला की बादलीवर वाकून ती तो बोटांनी चाचपायची. त्यातच तो निघाला. वीतभर लांब, चपटा, गाजराच्या रंगाचा, शेंबडासारख्या चिकट्याने माखलेला. बोट लागताच त्याने तोंडातून पांढरी सोंड बाहेर फेकली, स्वतःपेक्षा लांब, आणि मग स्वतःचेच तुकडे पाडायला लागला. बाकीचे "ईऽऽ" करून मागे सरकले. प्रतिभाने तो तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने वहीत रंग लिहून काढला. स्पिरिटमध्ये टाकला की हा रंग राहत नाही. काही तासांत जंत धुतलेल्या चिंधीसारखा होतो. तो रंग तिच्या वहीत नसता तर कुठेच नसता.

नाशिकला आल्यावर तिने त्याचं डोकं मेणात बसवलं आणि केसाहून पातळ काप काढले. तेराशे बारा. एकामागून एक, क्रमाने, काचेवर. मधला एक काप हरवला असता तर मेंदूची नस कुठून कुठे जाते ते कळलं नसतं. तो मेंदू तिने कागदावर रेखाटला, आतडं रेखाटलं, डोळे नसलेलं डोकं रेखाटलं. सरांचा भाचा दिनेश या काळात दोनदा प्रयोगशाळेत आला. दुसऱ्या वेळी बेसिनमध्ये ओकला आणि गेला तो गेलाच.

सरांनी पडद्यावर शोधनिबंधाचं पहिलं पान दाखवलं. शेवटची प्रत उद्या छपाईला जायची होती. वर जंताचं नवं नाव. खाली लेखक दोन. सर आणि दिनेश.

प्रतिभाने हातातला नारळ खुर्चीखाली ठेवला. ती उठून सरांजवळ गेली.

"सर, माझं नाव?"

"अगं, तुझंच तर दिलंय!"

"लेखकांत नाहीये."

सरांनी माइक बाजूला ठेवला. आवाज लाडिक केला. "वेडी आहेस का? शास्त्रात काही रीतभात असते. आपणच वर्णन करायचं आणि आपणच त्या प्राण्याला आपलं नाव द्यायचं, असं कोणी करत नाही. जग हसेल तुला. तुझं नाव जंताला द्यायचं तर ते लेखकांतून काढावंच लागणार ना? तुझ्या भल्यासाठीच केलंय मी."

रीत खरी होती. म्हणून तर डाव बिनचूक होता. प्राण्याच्या नावाला लागून, त्याचं पहिलं वर्णन ज्यांनी छापलं त्यांची नावं येतात, ती कायमची. शंभर वर्षांनी कोणी हा जंत चिखलातून काढला तरी तो सरांचा आणि दिनेशचा. प्रतिभा त्यात कोण? सरांनी कौतुक केलेली कुणी एक मुलगी. तिची पीएचडी या एका निबंधावर उभी होती. तीही गेली.

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटलं. पावडर लावलेला, मऊ, गार हात. दोन वर्षं ती जंताच्या बुळबुळीत अंगाशी खेळली होती, त्याच बोटांनी डबा खाल्ला होता, कधी काही वाटलं नाही. आता शिसारी आली. ती एक पाऊल मागे सरली. तो हात हवेत राहिला.

"मान मोठा आहे ना, सर?"

"मग! आयुष्यभर मिळत नाही लोकांना."

"मग तुम्हीच घ्या," प्रतिभा म्हणाली. तिला माइकची गरज पडली नाही. मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. "जंताला तुमचं नाव देऊ. लेखकांतून तुमचं काढू, माझं घालू. प्रत उद्या जायचीय, आत्ता बसून बदलते मी."

पेढे खाणारी तोंडं थांबली. फोटोवाल्याने कॅमेरा पुन्हा वर उचलला.

"प्रतिभा, लोक बघतायत."

"बघू देत. घेता का मान? हो की नाही, तेवढं सांगा."