भाजीची पिशवी

टाळेबंदीत भाजीची गाडी आली की सासूबाई माझ्या हातातली पिशवी ओढून घ्यायच्या. "तुला भाजी निवडता येत नाही," म्हणत स्वतःच खाली जायच्या. मला ते लागायचं.

एका दुपारी त्या गॅलरीत मोबाइल तोंडाशी धरून गूगलला विचारत होत्या, "अहो, माझ्या सुनेला दमा आहे. तिला कोरोना झाला तर जास्त त्रास होतो का हो?" उत्तर ऐकून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू. स्वतःच्या शुगरबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आल्यावर मी पिशवीला दोरी बांधली आणि गॅलरीतून खाली सोडली. "तुम्ही इथूनच निवडा," म्हटलं.

भरलेली पिशवी वर ओढायला लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"सोड. धाप लागेल तुला."