अकरा पावलं

"लाव की गं आता, किती भाव खाशील!" आई ओले हात झटकत बाबांच्या चाकाच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. धाकटीने फोन हातात धरला होता, पण बोट काही पुढे सरकेना.

तिच्या बँडचा नवा अल्बम कालच आला होता. नऊ गाणी, नऊही घर सोडून निघालेल्यांची, कुठेच जीव न रमणाऱ्यांची. कौतुक मात्र सगळं पहिल्या गाण्याच्या ठेक्याचं. अकरा पावलं, मग एक टक्. पुन्हा अकरा पावलं, टक्. "कसली बेचैनी आहे त्यात!" जो तो म्हणत होता. बँडमधला ड्रमर तर रोज डोकं खायचा, हे वाजवलंस कशावर म्हणून. "जुन्या लाकडी खोक्यावर," असं तिने ठोकून दिलं होतं.

खोकं कसलं डोंबलाचं! ती बाबांची पावलं होती.

आठवण हरवायला लागली तसे बाबा घरभर येरझाऱ्या घालायचे. त्या दुपारी आई दात काढायला गेली होती. जाताना बजावून गेली, "त्यांना जरा बाहेर फिरवून आण. तेवढंच बरं वाटतं त्यांना." धाकटीने मान डोलावली. मग दाराची वरची कडी लावली, सतरंजी गुंडाळली आणि जमिनीवर माईक ठेवला. चाळीस मिनिटं बाबा बंद दारापर्यंत जात आणि परत येत राहिले. आई परतल्यावर तिने बेधडक सांगितलं, "तळ्यापर्यंत जाऊन आलो."

चारच दिवसांनी बाबा बाथरूममध्ये घसरले, खुबा मोडला. ते पुन्हा चाललेच नाहीत. त्या गोष्टीला आठ महिने झाले आणि आठही महिने तो खोटेपणा धाकटीला आतून कुरतडत होता. आज सांगून टाकायचं म्हणूनच ती आली होती. शेवटी तिने गाणं लावलं.

अकरा पावलं, टक्.

आई दचकली. चाळीस वर्षांच्या संसारात ती चाल तिच्या कानांना पाठ होती.

"ही तर ह्यांची पावलं! कधी घेतलंस हे?"

"तुझा दात काढला ना, त्या दिवशी."

"अगं, पण त्या दिवशी तर तुम्ही तळ्यावर..."

"नाही गेलो, आई. चुकलंच माझं." धाकटीला रडू फुटलं.

गाणं चालूच होतं. कित्येक दिवसांत धड वाक्य न बोललेले बाबा खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि ते कासावीस झाले.

"अहो, त्या माणसाला दार उघडून द्या ना कुणीतरी. केव्हाचा वाजवतोय बिचारा."