गच्चीवरची बाई

"सांगून कुणाला पटायचं न्हाई, पन गच्चीवर बाई हाय!" वलवणच्या मुलींच्या होस्टेलचे वॉचमन गोविंदाआबा गच्चीच्या जिन्यातच ठाण मांडून बसले होते. "तिनंबी तुमच्यावानी फीमधी इंटरनेटचं पैसं भरलं. रेंज हुडकता हुडकता कठड्यावरनं गेली. आता वर येईल तिचा मोबाइल धरून वढती."

भरदुपारी तेजलच्या अंगावर काटा आला. पण विद्यापीठाचा ऑनलाइन पेपर आत्ता सुरू होणार होता, खोलीत रेंजचा पत्ता नव्हता आणि पेपर बुडाला की वर्ष बुडालं. ती आबांच्या बाजूने अंग चोरून वर गेली.

"पोरी, मागं फीर! धरंल ती!" आबांचाच आवाज कापत होता.

गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. होस्टेलच्या नेटच्या डब्यातून निघालेली एक काळी वायर तेवढी कठड्यावरून खाली, रेक्टरसाहेबांच्या बंगल्यात उतरली होती. बंगल्याच्या फाटकावर पाटी होती : 'पर्यटकांसाठी खोल्या. वायफाय मोफत.'

 

तेजल वरूनच ओरडली, "ओ आबा, तुमची बाई आमच्या फीतलं नेट पर्यटकांना फुकट वाटतीय व्हय?"