मोठ्या गाडीचा पंप

निंबा मेकॅनिकने टाकी पेट्रोलने अगदी गळ्यापर्यंत पुन्हा भरून घेतली आणि गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली लावली. शेजारच्या सीटवरून भंवरलाल शेठ उतरले, मागून त्यांचा मुलगा मनन. बोदवडला जाऊन परत, असे बरोबर शंभर किलोमीटर तिघे एकाच गाडीतून फिरून आले होते. पंचाहत्तरीच्या भंवरलालांनी भर उन्हात ही वरात काढली, ती फक्त निंबाने लबाडी करू नये म्हणून.

"पाच लिटर सातशे लागलं," निंबा पावती दाखवत म्हणाला. "साडेसतरानं एव्हरेज दिधं गाडीनी."

भंवरलालांना हे आवडलं नाही. माघात इंजिनला पेट्रोल पुरवणारा जुना पंप बंद पडला, कंपनीचा लवकर मिळेना, म्हणून निंबाने टाकीत मोठ्या गाडीचा पंप बसवला होता. तेव्हापासून गाडी लिटरला अकराच्या वर जात नव्हती. मोठा पंप म्हणजे मोठं तोंड, पिणारच जास्त, हे गणित त्यांनी आपल्या पाइपच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं होतं. तो पंप काढून निंबाच्या हातात ठेवायचा, असं ठरवूनच ते आज आले होते.

"आज तू जपून चालवलीस."

"शेठजी, तुम्ही बाजूलेच बसेल व्हतात." निंबा हसला. "पंपना काही दोष नई शे. इंजिनले लागस तितलंच पेट्रोल जास, बाकीनं परत टाकीमा येस. पंप मोठा टाका म्हणून एव्हरेज अकरावर येत नई."

मनन टायरकडे बघत उभा होता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि ते त्याला लागत नव्हतं. माघापासून त्याला फारसं काही लागतच नव्हतं. ताट समोर आलं की तो जेवत होता, गिऱ्हाईक आलं की पाइप मोजून देत होता.

"पण दुसरी गोट शे," निंबा म्हणाला. "क्लच पार घासाई गई. मननभाऊ, गाडी इतली पहिल्या गिअरमा कोठे चालस?"

उत्तर भंवरलालांनीच दिलं. "कुठे म्हणजे? आठवड्यातून तीनदा हा धुळ्याला नाहीतर चाळीसगावला जातो, ऑर्डर घ्यायला. चांगला हायवे आहे. तिथे पहिल्या गिअरमध्ये कोण चालवेल?"

"मी चालवतो," मनन म्हणाला. "साध्वीजींच्या मागे."

साध्वीजी म्हणजे त्याची मुलगी आयुषी. बाविसाव्या वर्षी, माघात, तिने जैन दीक्षा घेतली. वाजतगाजत मिरवणूक निघाली, दुकान तीन दिवस बंद राहिलं, लोकांनी भंवरलालांचे हात हातात घेऊन कुळाचं नाव उजळलं म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून ती कोणाची मुलगी नव्हती आणि कोणाची नातही नव्हती. वाहनात बसणं तिला वर्ज्य होतं. गुरूंबरोबर या गावाहून त्या गावाला अनवाणी चालायचं. हे काही रडण्यासारखं नव्हतं, त्यामुळे घरात कोणी रडलं नाही. मननलाही रडू आलं नाही. रडू न येण्याचीच त्याला भीती वाटायची.

"मागे म्हणजे कसा?"

"शंभर पावलांवर. चारी दिवे लुकलुकत ठेवून." मननचा आवाज भाव सांगितल्यासारखा सपाट होता. "सकाळी सकाळी ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत झोप असते, बाबूजी. रावेरहून केळी भरून निघालेले असतात. मागे गाडी दिसली की जरा बाजूने जातात."

"संघाची माणसं असतात ना बरोबर?"

"असतात. कधी दोघं, कधी एकच."

"बोलतोस साध्वीजींशी?"

"नाही."

"त्यांना माहीत आहे, तू आहेस ते?"

"मागे वळून बघत नाहीत."

"मग तुला दिसतं काय?"

"पाठ."

निंबा उगाचच बोनेट फडक्याने पुसत राहिला. भंवरलालांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा घातली.

"हा मोह आहे, मनन. आपण दिलंय. दिल्यावर मागे जायचं नसतं."

"हो," मनन म्हणाला.

भंवरलालांनी निंबापुढे हात केला. "चावी."

निंबाने मननकडे पाहिलं. मग त्याने चावी शेठजींच्या हातावर ठेवली. भंवरलालांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. वाद घालायला मननमध्ये काही उरलं नव्हतं. उद्यापासून रस्त्यावर तिच्या मागे कोणी नसेल, एवढं त्याला कळत होतं. कळत होतं आणि तरी हात जिथल्या तिथे होते.

भंवरलाल रस्त्यापर्यंत गेले. एक ट्रक धूळ उडवत गेला, त्याच्या मागून दुसरा. धूळ खाली बसेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग ते परत आले आणि खिशातली चावी काढून त्यांनी निंबाच्या हातात दिली.

"पंप राहू दे. क्लच नवा टाक. आज संध्याकाळी गाडी पाहिजे."

"आज कशी व्हई, शेठजी? सामान भेटाले पाहिजे. उद्या दुपारी देसू."

"दुपारी घेऊन काय करू, निंबा? उद्या पारोळ्याहून त्या सूर्योदयालाच निघणार आहेत."

मननने मान वर केली. पारोळ्याचं नाव त्याने काढलं नव्हतं.